आत्याने बीकरला पाडलेला ओरखडा

माझी आत्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काचेची भांडी धुते आहे. तिच्या हातचा बीकर उन्हात धरला तर हातात बीकर आहे की नुसतं ऊन, हे कळत नाही. काचेवर ओरखडा पाडणारा प्राध्यापक असला तरी ती त्याला सोडत नाही. "सर, भांडं आहे ते, पाटी नव्हे," हे ती इतक्या गोड आवाजात म्हणते की सरांना चहा विचारल्यासारखं वाटतं आणि ते "नको, आत्ताच झाला" म्हणून मोकळे होतात.

तिथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीला आत्या 'बाळ' म्हणते. बाळ एकोणतीस वर्षांचं आहे. बाळाचं काम म्हणजे एक औषध आणि एक अमिनो आम्ल यांच्यामध्ये तांब्याचा आयन बसवायचा. दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरलं की निळे स्फटिक मिळतात. आत्याला हे लगेच कळलं. घरी आजोबा जंतूंवरची गोळी दुधाबरोबर घ्यायला गेले की ती कपच उचलते. का, तर दुधातलं कॅल्शियम गोळीला असंच धरून बसतं आणि मग गोळी कामाला लागत नाही.

स्फटिक एकदा झाले होते, पण तपासणीला पाठवताना कुरिअरमध्ये त्यांचा चुरा झाला. शुक्रवारपर्यंत नवे पोचले नाहीत तर तिथल्या तपासणी यंत्रावरचा नंबर जाणार आणि पदवी वर्षभर लांबणार. बाळाने तीच मापं घेतली, तीच आम्लता, तेच तापमान. चार वेळा नुसतं निळं पाणी. आत्या रोज मान लांब करून बघायची आणि म्हणायची, आज जरा घट्ट वाटतंय हो.

बुधवारी बाळाचे सर आले, घसा खाकरला, चष्मा कपाळावर नेला (हे मी जेवताना करून दाखवतो, आजोबांना ठसका लागतो) आणि म्हणाले की स्फटिकाला सुरुवातीला बसायला जागा लागते. गुळगुळीत काचेवर कुठे बसणार? पहिले स्फटिक झाले तो जुना ओरखडलेला बीकर कुठे गेला?

जुना बीकर आत्याने टाकून दिला होता. लाज वाटत होती म्हणे त्याची. आणि बाळाला कौतुकाने कोरा करकरीत दिला होता.

सर गेल्यावर आत्याने काचेची कांडी घेतली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बीकरच्या आतून कर्रर्र करून ओढली. पुन्हा ओढली. बाळ सांगतं, आत्याने डोळे घट्ट मिटले होते, जणू इंजेक्शन तिलाच टोचत होतं.

गुरुवारी सकाळी ओरखड्याच्या रेषेवर निळे कण ओळीने बसलेले होते. बाळ आत्याच्या गळ्यात पडलं. आत्या म्हणाली, "बरं बरं, सोड आता. पॅकिंग मी करणार, कापसात."

शुक्रवारी स्फटिक धडधाकट पोचले. तो बीकर आता आत्याच्याच कपाटात असतो, सगळ्यात मागे. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'घासू नये. मीसुद्धा.'