सासऱ्यांच्या बागेतला धूर

नाशिकजवळच्या लष्करी विमानतळावर मी फायर ऑफिसर होतो. विमान उतरायचं असलं की धावपट्टीशेजारी लाल बंब घेऊन उभं राहायचं आणि काही झालं तर धावायचं, असं ते काम. काही होत नसे. आम्ही रोज होज उलगडायचो, पुन्हा गुंडाळायचो, बंबाला अंघोळ घालायचो आणि पगार घ्यायचो. सरकारला यात काही वावगं दिसत नव्हतं. दिसायचं ते माझ्या सासऱ्यांना.

सासरे निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांची बाग आमच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे, कुंपणाला जवळजवळ खेटून. लग्नकार्यात कुणी विचारलं, जावई काय करतात, की ते सांगायचे, आग विझवतात. कुठली विझवली, असं पुढे आलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, अजून लागायचीय. मंडळी हसायची. मीही हसायचो, पण ते मला फार झोंबायचं.

दोनेक वर्षांपूर्वीच्या जानेवारीत दिल्लीहून एक मोठे अधिकारी तपासणीला यायचे होते. आठवडाभर तळावर युद्धपातळीवर तयारी चालली, म्हणजे झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावला. माझ्या जवानांनी बंबाची चाकंसुद्धा बुटाच्या पॉलिशनं चमकवली. विमान सकाळी लवकर येणार होतं. फटफटलं तेव्हा पाहतो तर धावपट्टीचं टोक दिसेना. कुंपणापलीकडून पांढराफटक धूर सरपटत आत येत होता.

निफाडच्या थंडीत पारा खाली गेला की पिकत आलेल्या द्राक्षांचे मणी तडकतात, आणि तडकलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. म्हणून शेतकरी पहाटेपासून बागेत शेकोट्या पेटवून ऊब धरतात. सासऱ्यांची बाग त्या आठवड्यात तोडणीला आली होती. माल परदेशी जाणार म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आजूबाजूच्या बागांतून धूर थोडा थोडाच निघत होता, लोट होते ते त्यांच्याकडचे.

टॉवरवरून कळलं की विमान वर घिरट्या घालतंय आणि धूर हटला नाही तर परत जाईल. आमच्या कमांडिंग साहेबांचा चेहरा बुंध्यांवरच्या चुन्यासारखा झाला. एक बंब इथे ठेवा, दुसरा घेऊन जा आणि ते सगळं विझवून टाका, असं त्यांनी फर्मावलं. ते कुणाचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

मफलर गुंडाळलेले सासरे शेकोटीवर उसाचं ओलं पाचट टाकत होते. बंब दिसताच ते हात पसरून वेलींच्या ओळीपुढे उभे राहिले.

"पाणी मारायचं असंल तर आधी माझ्यावर मारा, जावईबापू. ऊन पडेस्तोवर हे नाय विझायचं."

त्यांचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत तो कापताना मी कधी ऐकला नव्हता, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं.

मग मी शेकोटीकडे पाहिलं. नुसता धूर, ऊब नावालाही नाही. इतकी वाईट आग मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. सरावातली सोडली तर दुसरी पाहिलीच नव्हती म्हणा, पण धंद्याचा अभिमान म्हणून काही असतो. "मामा, छाटणीच्या वाळक्या काड्या कुठंयत?" मी विचारलं. त्यांनी मान वळवून शेडकडे बोट केलं.

मग सरकारी हेल्मेट घातलेले सरकारी जवान खाली वाकून माझ्या सासऱ्यांच्या शेकोट्या फुंकायला लागले. ओलं पाचट फावड्यांनी लांब टाकलं, काड्या मोकळ्या रचल्या, बुडातून वारा खेळेल असं केलं. ओळीओळींच्या मधे लहान, स्वच्छ जाळ उभे राहिले. धूर विरळ होत गेला आणि ऊब आमच्या गुडघ्यांपर्यंत यायला लागली. आमच्या एकाही सरावात इतकी शिस्त दिसली नव्हती.

ऊन पडलं. सासरे एकेक घड उलटून, मणी बोटांत धरून पाहत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन परत आले. एकही मणी तडकला नव्हता.

"इतकं झ्याक पेटवता येतं तुमाला," ते म्हणाले, "मंग विझवायच्या नोकरीत का म्हणून कुजत पडलात?"

ते हे मनापासून विचारत होते. इतकी वर्षं साठवलेलं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात डोक्यावरून विमान खाली आलं. सासऱ्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही, ते पुन्हा घडांकडे वळले. मी मात्र चाकं टेकून विमान थांबेपर्यंत श्वास रोखून पाहत राहिलो. नेहमीसारखंच काही झालं नाही, आणि मला फार बरं वाटलं.