कोंबड्याचं माहेरपण

२७ जुलै, रविवार. खुराड्यातलं ओलं कुटार काढून कोरडं टाकायचं काम चालू होतं. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं, नाहीतर कोंबड्यांचे पाय सडतात आणि वास भिंतीपलीकडे कॉलनीच्या अध्यक्षांच्या घरी पोचतो. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मी माहेरून, दर्यापूरकडून पोत्यानं आणते. अमरावतीत ते विकत घेणं म्हणजे मूर्खपणा.

घमेलं अर्धं भरलं होतं तेवढ्यात नवरा सभेहून परत आला आणि चपला न काढता मागच्या दारात उभा राहिला. चपला न काढता उभा राहिलेला माणूस चांगली बातमी आणत नाही.

"झालं," तो म्हणाला. "कोंबडा हलवाचा म्हणतात. या आठवड्यात."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"मी काय म्हणणार? कमिटीत आहो मी. हात वर केला."

"कोणाच्या बाजूनं?"

तेव्हा त्यानं चपला काढल्या.

आमची कॉलनी गावाच्या कडेला आहे. वीस वर्षांपूर्वी इथे कपाशी होती, आता बंगले आहेत आणि बंगल्यांना नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. हा नियम डीजे आणि ड्रिल मशीनसाठी केला होता. कोंबडा त्यात नंतर घातला, तोही नाव न घेता, 'पाळीव पशुपक्षी' असा. कॉलनीत पाळीव पक्षी माझ्याकडेच आहेत.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात वाढलेले, म्हणजे ज्या घरात कोंबडा आरवल्याशिवाय चूल पेटत नव्हती अशा घरातले. पण आता त्यांना बीपी आहे आणि डॉक्टरांनी त्यांना सहापर्यंत झोपायला सांगितलं आहे. माझा कोंबडा पाचला आरवायचा. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. मी माझ्या परीनं उपाय करून पाहिले होते. रात्री त्याच्यावर डालं पालथं घातलं, डाल्यावर पोतं घातलं, पोत्यावर जुनी सतरंजी. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात. माझा अनुभव असा की कोंबडं झाकलं तरी आरवायचंही राहत नाही. सतरंजीखालून तो जास्त घुमायचा.

कमिटीची चूक वेगळीच होती. ही सभा खरं तर आदल्या रविवारी व्हायची होती. पण आदला रविवार आखाडातला शेवटचा, आणि सगळे सभासद दर्यापूर रोडवरच्या एका शेतात आखाड पार्टीला गेले होते. अध्यक्षही. त्यांनीच म्हणे दोनदा रस्सा मागून घेतला. सभा पुढे ढकलली आणि मधल्या आठवड्यात श्रावण लागला. आखाडात निर्णय झाला असता तर विषय पातेल्यात मिटला असता, मीही फार खळखळ केली नसती. श्रावणात आमच्याकडे कापायचंही नाही आणि दुसऱ्याला कापायला द्यायचंही नाही. त्यामुळे कोंबडा जिवंतच हलवणं भाग होतं.

माझ्याजवळ तो एक मोठा कोंबडा, सात कोंबड्या आणि तीन तरणे कोंबडे होते. तरणे अजून आरवत नव्हते, म्हणून त्यांचा विषय सभेत निघाला नाही. मीही काढला नाही. घरात टीव्ही कोणता घ्यायचा, पडदे कोणत्या रंगाचे, मुलीला कुठे शिकवायचं, सगळ्यावर तीन-तीन मतं असतात. खुराड्यावर फक्त माझं. एवढी एक जागा माझ्या हातून जाऊ नये, बस.

नणंद अकोल्याला राहते, बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेताला लागून. शेजार नाही, कमिटी नाही. तिला फोन केला.

"आणा वयनी," ती म्हणाली. "आमचा एक हाय, त्याच्यासंगं राहील. नाही राहिला तर भांडतील. तसंबी तुमच्या भावजींसंगं भांडून भांडून मले कंटाळा आला, दुसऱ्याचं भांडण पाहीन."

सोमवारी मी त्याला वायरच्या पिशवीत घातलं, मान बाहेर ठेवली आणि अकोल्याची एसटी धरली. पहिला श्रावण सोमवार आणि दुसऱ्या दिवशी नागपंचमी. गाडी माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेली. अर्ध्या बायकांच्या हातात केळी, अर्ध्यांच्या मांडीवर पोरं. माझ्या मांडीवर कोंबडा.

कंडक्टरनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "याचं तिकीट?"

"जागा अडवून राहिला काय तो? मांडीवर हाय."

"पोरालेबी मांडीवर घेतलं तरी वय विचारतो आमी."

"दोन वर्साचा हाय."

मागच्या सीटवरच्या म्हातारबाबांना राहवलं नाही. "काहून वो बाई, श्रावणात कोंबडा घेऊन कुठी चालल्या? पाप लागन."

"माहेरपणाले चालला," मी म्हटलं.

गाडीत हशा पिकला. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यानं भर स्टँडवर आवाज दिला आणि एका बाईनं त्याला उपासाच्या केळ्याचा तुकडा दिला. त्यानं तो खाल्ला. माझ्याजवळ असताना तो केळ्याला तोंड लावत नसे.

मंगळवार शांत गेला. बुधवारी अध्यक्ष भिंतीवरून म्हणाले, "बघा, कशी शांतता वाटते. तुम्हालाही बरं वाटत असेल." सभेतली भाषा ते भिंतीवरही वापरतात, चिडेपर्यंत. मी म्हटलं, "हो, सतरंजी धुवून वाळत घातली."

गुरुवारी पहाटे साडेतीनला एक तरणा कोंबडा आरवला. आरवला म्हणजे काय, दाराची बिजागरी कुरकुरावी आणि मध्येच तुटावी तसा आवाज. मग दुसरा. त्या दोघांचं ऐकून तिसरा. तिघांचे सूर तीन आणि थांबायचं एकालाही कळत नव्हतं. सातपर्यंत चाललं. दुपारी बारालाही त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं.

शुक्रवारी तेच. सकाळी अध्यक्ष भिंतीशी आले तेव्हा डोळे लाल होते आणि सभेतली भाषा घरी राहिली होती.

"काहून वो, तुमी कोंबडा नेला ना?"

"नेला. साऱ्या एसटीनं पाह्यलं."

"मंग हे काय होय?"

"हे तरणे. मोठा होता तवा त्याच्यासमोर यांची टाप नव्हती. एकानं जरी गळा काढला की तो टोचे. आता तो गेला, तं तिघंबी अध्यक्षपदाले उभे हायत."

त्यांनी भिंतीवरून तिघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिघांलेबी कापून टाका, बस."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अवो! श्रावणातला शुक्रवार हाय! तोंडातून काय काढता?"

अध्यक्षांनी कानाला हात लावला. "बरं, श्रावणानंतर?"

"श्रावणानंतर गणपती," मी म्हटलं. "गणपतीत महालक्ष्म्या. मंग पितृपक्ष. मंग घट."

"म्हणजे दसऱ्यापरेंत?"

"आखाडात सभा घेतली असती तं..." मी म्हटलं. रस्सा त्यांना आठवला असावा. ते आत गेले.

रविवारी तातडीची सभा झाली. या वेळी मीही गेले, शेवटच्या खुर्चीवर बसले. आमच्या दुसऱ्या अंगाला, कोपऱ्यातल्या बंगल्यात एक तरुण सभासद आहेत, पुण्याला नोकरी करून आलेले. ते म्हणाले, "आधी मोठा न्या, मग लहान न्या, हे कशाला? पूर्ण पोल्ट्रीच बंद करू. कायमचं." दोघातिघांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्याचा हात मांडीवरून उचलला जातोय असं मला दिसलं. मी त्याच्याकडे पाहिलं. हात परत मांडीवर गेला.

मी उठले. "माझं एक ऐका. मोठ्याले मी परत आणतो. तो आला की हे तिघं गप्प बसतील. नाही बसले, साडेतीनले एकाचाबी आवाज आला, तं खुराडं मी माझ्या हातानं मोडीन. कोंबड्यांसकट सारं माहेरी पाठवीन. पुन्हा ठेवणार नाही."

"आणि मोठा पाचला ओरडतो त्याचं?" पुण्याहून आलेले म्हणाले.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "पाच आणि साडेतीन यांत फरक आहे." मग सर्वानुमते ठरलं. नवऱ्यानं हात वर केला, कमिटीत सगळ्यांत आधी.

सोमवारी सकाळी मी अकोल्याला. नणंद दारातच म्हणाली, "वयनी, तुमच्या कोंबड्याचं काई खरं नाही. आमच्यावाल्यानं पहिल्याच दिवशी त्याले असा हाणला की तवापासून तो मुका हाय. आठ दिवस झाले, एक आवाज नाही. कोंबड्यांमंधी कोंबडी होऊन बसला."

तो जांभळीखाली एकटा उभा होता. तुऱ्याला खपली धरलेली, शेपटीतलं एक लांब पीस गेलेलं. मला पाहून जवळ आला नाही. कोंबडा माणसाला ओळखतो वगैरे गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. पण माझा सगळा हिशेब या एका पक्ष्याच्या दराऱ्यावर होता, आणि दरारा तर तिथे अकोल्यात संपलेला दिसत होता.

"याच्यावर खुराडं पणाला लावलं तुमी?" सभेतलं ऐकून नणंदेनं विचारलं.

"लावलं."

"मंग मायबाई, खुराडं मोडलं तं एखांदी कोंबडी तरी मले देजा."

परतीच्या गाडीत तो एकदाही आरवला नाही. मूर्तिजापूरलाही नाही. मी त्याला जरा ढोसलंही. त्यानं एक डोळा मिटला.

संध्याकाळी पिशवी मागच्या जागेत उघडली तेव्हा नवरा खिडकीत, अध्यक्ष भिंतीपलीकडे स्टुलावर, त्यांची बायको त्यांच्यामागे. तरणे तिघं धुण्याच्या दगडाजवळ होते. आठवडाभरात त्यांच्या छात्या फुगल्या होत्या. तो बाहेर आला, पंख झटकले आणि उभा राहिला. सर्वांत मोठा तरणा पिसारा फुलवून सरळ त्याच्यावर आला. मला वाटलं, संपलं. तो मागे सरला, एक पाऊल, दोन पावलं. मग एकदम उडाला आणि तरण्याच्या मानेवर असा बसला की तरणा ओरडत तुळशीमागे गेला. दुसऱ्यानं आपली पाळी येऊ दिली नाही, तिसरा तर पाण्याच्या टाकीखाली शिरला.

"आमच्या बहिणीकडून शिकून आला वाटते," नवरा खिडकीतून म्हणाला.

"चुप बसा," मी म्हटलं. "अजून सकाळ व्हायची हाय."

अध्यक्षांनी स्टूल तिथेच ठेवलं आणि घरात गेले.

मी झोपले, पण झोप काही लागली नाही. अंधारात साडेतीन वाजले असावेत, कारण पलीकडे अध्यक्षांच्या बाथरूमचा दिवा लागला. तेही जागेच होते बिचारे. मी कान देऊन पडून राहिले. एक तरणा घशात काहीतरी घोळवल्यासारखं करू लागला, आणि लगेच खुराड्यात पंखांची एक फडफड झाली. घोळवणं थांबलं. बाथरूमचा दिवाही बंद झाला.

पाचला मोठा आरवला. खणखणीत, एकट्यानं, चार-पाच वेळा. मग दूध घ्यायला मी मागचं दार उघडलं तर अध्यक्ष स्टुलावर उभे.

"एकच ना?"

"एकच."

"बरं. पाचले तसंबी मी उठतोच." त्यांनी स्टूल उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं. "पण आवाज याच्यापुढं वाढाले नको, सांगून ठेवतो."

"नाही वाढणार," मी म्हटलं.

श्रावणात अंडी कोणी खात नाही, त्यामुळे घरात टोपलीभर साचली होती. करडी कोंबडी खुडूक झाली होती, दोन दिवस ती रिकाम्या जागेवरच बसून होती. चहा घेतल्यावर मी घमेल्यात कोरडं कुटार पसरलं, त्यात निवडून अंडी उबवायला मांडली आणि कोंबडीला वर बसवलं. मग घमेलं उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला, पुण्याहून आलेल्यांच्या बाजूला नेऊन ठेवलं.