वहिनींनी पळवलेली मशीनं

वहिनी कॉम्प्युटरचा ताप तळहाताने बघायच्या. पडद्यावर आकडा दिसत असला तरी डब्यामागून येणाऱ्या गरम वाऱ्यापुढे हात धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून झेपतंय हिला." हात झटकन मागे आला की आम्ही समजायचो, आज एवढंच.

भूमला एसटी स्टँडजवळ त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे दादांचं, दुकान होतं. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. मागच्या खोलीत आम्ही कॉलेजची पाच पोरं गेम खेळायचो. मी जवळच्या ईट गावाहून यायचो. मशीनं सगळी जुन्या, स्वस्त भागांची जोडलेली. नवा गेम त्यांच्यावर अडखळायचा. समोरचा गोळी झाडून मोकळा व्हायचा, तरी आमचा पडदा तिथंच.

वहिनी सोनारी गावच्या. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला होत्या, लग्नामुळे शेवटचं वर्ष राहून गेलं. व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला त्या शिकल्या. आम्हाला एकदम शेवटचा आकडा टाकायची घाई. त्या ओरडायच्या, "आरं, लेकराला भरवल्यागत करावं लागतंय. एक घास द्यायचा, मग थांबायचं." वेग एक पायरी चढवायचा, तासभर चाचणी लावायची, तोवर भाकरी थापून यायचं. उन्हाळ्याचं सेटिंग त्या वेगळं ठेवायच्या. "दिवाळीत पळतंय ते एप्रिलात पळत न्हाय. आपल्या इथलं ऊन कंपनीला काय ठाऊक?"

एप्रिलातच बार्शीला स्पर्धा होती. आपापली मशीनं घेऊन जायचं. दादांनी जीप केली. पत्र्याच्या हॉलमध्ये ऐन सामन्याआधी आमची दोन मशीनं आपोआप बंद पडायला लागली. वहिनी मागच्या रांगेतून उठल्या. वेग दोन पायऱ्या खाली घेतला, डब्यांचे पत्रे काढले, कुणाचा तरी टेबल फॅन आणून समोर लावला. दहा मिनिटांत खेळ सुरू झाला आणि आम्ही जिंकलो.

मी कॅप्टन, म्हणून बक्षिसाच्या वेळी माईक माझ्या हातात आला. संयोजकांनी विचारलं, "एवढ्या स्वस्त मशीनवर हा गेम पळवला कुणी?" दादा शेजारी उभे होते. समोर पोरांची गर्दी. बाईमाणसाचं नाव घेतलं तर हसतील, असं मला वाटलं.

"आमच्या दादांनी," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. वहिनी खाली वायरी गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग परंड्याहून, बार्शीहून गिऱ्हाईकं यायला लागली. काम वहिनी करायच्या, बोलायचे दादा. बोलून बोलून त्यांना वाटायला लागलं की हे आपल्यालाच येतं. वहिनी माहेरी गेल्या असताना त्यांनी एका गिऱ्हाईकाच्या मशीनचा व्होल्टेज एकदम चढवला. माझ्या डोळ्यांदेखत बोर्ड जळाला.

वहिनी परतल्या तेव्हा ते गिऱ्हाईक दुकानात भांडत होतं. दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिनंच हात लावला असंल. लई येळा सांगितलंय हिला, न्हाय ते उद्योग करू नको."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिलो.

त्याच दुपारी त्यांनी पाचही मशीनं मूळ वेगावर आणून ठेवली. "कंपनीनं दिलंय तेवढ्यावर खेळा," एवढंच बोलल्या. त्यानंतर मागच्या खोलीत त्या आल्या नाहीत. आमचा संघ महिनाभरात मोडला.

मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत त्या बक्षिसाबद्दल विचारलं. एक पायरी चढवायची, मग चाचणी, उन्हाळ्याचं सेटिंग वेगळं. सगळं मी माझं म्हणून सांगितलं. साहेब खूश झाले.

गेल्या वर्षी भूमला उतरलो आणि दुकानात गेलो. वहिनी एकट्याच बसून ओळखपत्रं लॅमिनेट करत होत्या. बरीच वर्षं मनात जुळवलेलं वाक्य मी बोलून टाकलं, "वहिनी, बार्शीला माझं चुकलं. बोर्ड जळाला तेव्हापण."

त्यांनी कार्डाची कड कात्रीने सरळ कापली.

"हे चार माणसांत बोलायचं हुतं. इथं आपण दोघंच हाय."

"दादांना सांगतो ना मी."

"आत हायत ते. बोलवू?"

त्या खरंच उठल्या. आतल्या दाराच्या पडद्याला हात घालून माझ्याकडे बघत थांबल्या.

"राहू द्या," मी म्हणालो. "ईटची गाडी लागली असंल."