टोपणनावांचा कॉलम

विनिताने चहा हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने एंटर दाबलं. संपूर्ण गोंधळ एवढ्यावरूनच झाला.

मच्छीमार संस्थेची दोन ऑफिसं होती, एक चौलला आणि एक श्रीवर्धनला. होड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम दोन्हीकडे एकच, पण वर्षानुवर्षं जो तो आपल्या सोयीने त्यात एखादा रकाना वाढवत आला होता. दोन्ही डेटाबेसचे सांगाडे, म्हणजे कुठल्या टेबलात कुठले कॉलम, एकसारखे करायचं काम चौलच्या ऑफिसातल्या विनिताकडे आलं. पनवेलला कॉम्प्युटर शिकलेली ती मूळ श्रीवर्धनच्या कोळ्याची लेक. काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाइप करताना आपण सुकाणूवर बसलोय असंच तिला वाटायचं.

तुलनेची कमांड दिली तशी सात फरकांची यादी आली. पुढच्या कमांडने प्रोग्रामने श्रीवर्धनचा सांगाडा चौलसारखा कसा करणार ते ओळीने लिहून दाखवलं आणि विचारलं, ‘करू का?’ विनिताने सहा ओळी नीट वाचल्या. सातवीच्या वेळी चहा आला. तिने ‘हो’ म्हटलं. स्क्रीनवर उमटलं: फरक शून्य. तिने त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनचे कारकून दत्तात्रेयकाका बंदरावर यादी घेऊन उभे राहिले आणि भोंग्यातून ओरडले, “शिवदास चोगले, बर्फ घेऊन जा!”

पाच शिवदास चोगले उठले.

एरवी काका ‘शिवदास रेडिओ’ किंवा ‘शिवदास लंगडा’ असं पुकारायचे. त्यासाठीच त्यांनी कधीकाळी ‘टोपण’ नावाचा कॉलम वाढवून घेतला होता. आज यादीत तो कॉलमच नव्हता. एका लादीची दोन टोकं दोन शिवदासांनी धरली, तिसरा मध्येच तिच्यावर बसला. बर्फ वितळत राहिला.

काकांचा फोन आला. “विनिता, माझा रेडिओ कुठाय? लंगडा कुठाय? फुसका कुठे घालवलास?”

काकांना ऊन लागलं असावं असं तिला वाटलं. मग तिने सातवी ओळ वाचली: टोपण कॉलम ड्रॉप, म्हणजे आतल्या नावांसकट काढून टाका. बॅकअप तिने घेतला होता, पण चौलचा. ज्याला कुणी हातही लावला नव्हता त्याचा.

म्हसळ्याला एसटी बदलून दुपारी ती श्रीवर्धनला पोचली. काकांनी तिच्यासमोर भागुबाईला आणून बसवलं. पन्नास वर्षं मासळी विकलेली ही बाई अख्ख्या कोळीवाड्याला नावानिशी ओळखायची.

“लिव गो,” भागुबाई म्हणाली. “पयला शिवदास, रेडिओ. गप बसत न्हाय म्हून.”

विनिताने कॉलम पुन्हा तयार केला आणि नावं भरायला घेतली. बातमी बाहेर फुटली, तशी दारात रांग लागली. नाव बदलून घ्यायची अशी संधी कुणाला मिळते? फुसका पुढे झाला. “ताई, माझ्यापुढे ‘कॅप्टन’ लिवा.”

“कॅप्टन!” भागुबाई कडाडली. “वल्हं बुडवून घरी आलेला तू! फुसकाच लिव गो.”

“आजी, बोट बदलली मी, दोन इंजिनांची हाय!”

“बोट बदलली, तू न्हाय बदललास.”

सगळे हसले. फुसकाही हसला, पण विनिताच्या कानाशी वाकून म्हणाला, “निदान कंसात?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोक्याला ताप असला तरी दिवसभर तिच्यावर न चिडलेला हा एकटाच माणूस होता. तिने हळूच कंसात ‘कॅप्टन’ लिहिलं.

तिन्हीसांजेला शेवटचं नाव आलं: सदा चोगले.

“हे राहू दे, आजी. माझेच बाबा आहेत ते.”

“म्हून काय झालं? लिव. कोंबडा.”

“कोंबडा?”

“पहाटे सगळ्यांच्या आधी वरडून आमाला उठवायचा. त्येच्यामुळे कधी कुणाची भरती चुकली न्हाय.”

विनिताने मान खाली घालून टाइप केलं. मग तुलनेची कमांड पुन्हा चालवली. यावेळी चौलकडे ‘टोपण’ कॉलम नसल्याचा फरक दिसला, आणि तो कॉलम तिने चौललाच वाढवला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. काकांनी आणलेला चहा बाजूला निवत होता.