बादाखोसला एकटाच

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या कोकणी न्हाव्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. बोलायला लागला की त्याची कात्री हवेतच कचकच चालायची. एकदा तरी एकटं भटकावं म्हणून मी बायकोला ऑफिसचं काम सांगून स्पेनच्या सीमेवरच्या बादाखोसला जाऊन आलो, हे मी फक्त त्याच्यापाशी बोललो. तिथल्या मूरांच्या, म्हणजे जुन्या मुसलमानी राजवटीतल्या किल्ल्याच्या तटावरून पलीकडचं पोर्तुगाल दिसलं आणि मी पोरासारखा धावत सुटलो, हेही सांगितलं.

कात्री थांबली.

"साहेब, एवढी मजा करून तोंड मयताला आल्यासारखं? यल्ला, चला, वहिनींना फोन लावा!"

अर्धवट कापलेल्या केसांनिशी मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

बायको म्हणाली, "खोटं बोललात, त्याचं घरी आल्यावर बघते. आधी सांगा, धावलात? तुम्ही?"