शून्य चुकांचा प्रोजेक्ट

मारतहळ्ळीच्या आमच्या पीजीत सकाळी चित्रान्नाच्या, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताच्या, पातेल्यावर तुटून पडणाऱ्या निम्म्या पोरींनी एकच चिप बनवलेली होती. कोपऱ्यावरच्या चिप-डिझाइनच्या क्लासने सगळ्यांना एकच प्रोजेक्ट दिलेला. त्यात येणाऱ्या चुका त्याच, उपाय तेच, आणि शेवटी उरलेल्या चुका शून्य. तो बायोडेटात चिकटवायचा आणि नोकरी मागत फिरायचं.

माझ्या खोलीतली नागवेणी हिरेगौडर मात्र गदगहून येताना अक्कल बरोबर घेऊन आली होती, तीच तिला नडली. चिपवर लाखो बारीक भाग कुठे बसवायचे आणि तारा कशा फिरवायच्या, म्हणजे संदेश वेळेत पोचतील, हे ते काम. तिने फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं घेऊन स्वतःची छोटीशी चिप आखली. लॅपटॉप इतका तापायचा की मांडीवर घ्यायची सोय नव्हती. तरी काही संदेश उशिराच पोचत, आणि असा प्रत्येक उशीर म्हणजे एक चूक. नागवेणीबाईंनी बायोडेटात तेही लिहिलं: इथे उशीर होतो, कारण हे, अजून जमलेलं नाही.

क्लासचे प्रभाकर रेड्डी सर ते वाचून कळवळले. म्हणाले, चिपचं घड्याळ जरा संथ कर, सगळे वेळेत पोचतील. शाळेची घंटाच तासभर उशिरा वाजवली की कुणी उशिरा येत नाही, त्यातलंच हे शास्त्र. नागवेणीने ऐकलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. माझं त्यात काय जात होतं?

पहिल्याच कंपनीत मुलाखत घ्यायला बसलेले साहेब त्याच क्लासचे जुने विद्यार्थी. प्रश्नही तिथल्याच प्रोजेक्टवरचे.

“मेमरीचे ठोकळे कुठल्या कडेला ठेवलेस?”

“माझ्या चिपमध्ये ते नाहीतच, सर.”

“सगळ्यांच्यात असतात. आणि या चुका?”

“उरल्यात सर. का उरल्यात, ते सांगते ना.”

“बाकी कुणाच्याच उरत नाहीत, बघ.”

पुढेही दोन-चार ठिकाणी हेच झालं. गावाहून तिचे अप्पा फोन करायचे आणि नोकरीचं सोडून बाकी सगळं विचारायचे. तेच तिला सोसवेना. शेवटी ती रेड्डी सरांकडे गेली. सर दिलदार माणूस. त्यांनी तिला तिथल्या तिथे नोकरी दिली, त्याच क्लासात, तोच प्रोजेक्ट शिकवायची. बाहेरच्या फलकावर तिचा फोटो लागला, खाली ‘निवड झाली’. कुठे, ते लिहायला जागा पुरली नसावी. अप्पांनी तो फोटो कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

नव्या तुकडीत पहिल्याच बाकावर तिच्या मामाची शांभवी बसलेली. मामाने फोटो पाहून फी भरून टाकली होती.

“अक्का, मला अगदी तुझ्यासारखं व्हायचंय,” पोरगी उठून म्हणाली.

घरी परत जा, असं नागवेणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. दारात सर उभे होते.

“बस खाली,” ती म्हणाली, “आणि इथे मला मॅडम म्हणायचं.”