आवाजाचं फोल्डर

शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या दारव्ह्यातल्या कार्यालयात कोकिळाबाई बहुतेक वेळ एकट्याच असत. बाकीची माणसं गावोगाव फिरायची, त्या कार्यालयात बसून ती माहिती संगणकात भरायच्या. बोरी अरबहून एसटीनं यायचं, एकटीनंच डबा खायचा, संध्याकाळी परत.

नवरा धर्मपाल दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीला जायचा. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात कितीतरी मजुरांना फवारणीचं ते विषारी औषध बाधलं, त्यात तोही गेला. तेव्हा संस्थेची माणसं घरी आली, कोकिळाबाईंना बोलतं करून सगळं रेकॉर्ड करून गेली. बाई बारावी शिकलेली आहे म्हणून पुढं त्यांनीच हे काम दिलं.

एकदा जुन्या फायली लावताना सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये त्यांना स्वतःचं नाव दिसलं. त्यांनी हेडफोन लावला. स्वतःचं रडणं ऐकू आलं, मध्येच सासूचं "पानी दे वं तिले." मागच्या आठवड्यात संस्थेचं काम बघायला आलेली पाहुणी शेजारच्या खुर्चीत डोळे पुसत काय ऐकत होती, ते त्यांना आता कळलं.

फाईल हलवायला गेल्या तर परवानगी नाही, ॲडमिनला विचारा, असं पडद्यावर आलं. ॲडमिन म्हणजे कुणाला कोणती फाईल उघडता येईल ते ठरवणारा, संस्थेच्या नागपूरच्या कार्यालयातला इमरान. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं कारण मेलवर मागितलं. खरं लिहवेना, म्हणून त्यांनी 'कामासाठी' एवढंच लिहिलं. तेवढ्यावर असे अधिकार देता येत नाहीत, असं उत्तर आलं. मग त्यांनी फोन लावला.

"इमरानभाऊ, त्या फोल्डरमंदी मी हाय. माहं रडनं लोकं आयकून राह्यले, अन् मले कोनी इचारलं बी नाही."

पलीकडे इमराननं ते फोल्डर उघडून पाहिलं. मग त्यानं हळूच विचारलं, "पुसून टाकायचं आहे का ताई?"

"नाही. कुलूप लावाचं हाय."

इमरान आपल्या साहेबांशी बोलला. पुढच्या सोमवारी त्या फोल्डरपुरते अधिकार मिळाले. कोकिळाबाईंनी आपली एकटीचीच फाईल बंद केली नाही. बाभुळगावच्या, ढाणकीच्या, अशाच रेकॉर्ड केलेल्या साऱ्याच बायांच्या आवाजांना कुलूप लावलं. मग एकेकीला फोन करून विचारू लागल्या, ठेवू की पुसू? कुणी पुसा म्हणाली. कुणाला असं काही रेकॉर्ड झालंय हेच आठवत नव्हतं.

ढाणकीच्या हजराबीनं उलट विचारलं, "तुम्ही तुमचं काय केलं?"

"अजून ठरलं नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये धर्मपालचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. घरात ते आता कुणी घेत नव्हतं.

"माझं राहू द्या," हजराबी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "अन् फोन करत जा बाई. इथं कोनी बोलाले नाही."

करीन म्हणाल्या कोकिळाबाई. एसटीची वेळ झाली होती, तरी त्या फोन कानाला धरून बसून राहिल्या.